वीस हजारांनी महागलेला ट्रक आणि गॅरेजमधली निळी टेप

आमच्या गॅरेजच्या फरशीवर गेले दोन महिने निळी टेप चिकटवलेली आहे. भिंत रंगवताना कडेला लावतात ना, ती. साधारण १९ फूट ५ इंच लांब आणि आरसे उघडे धरून ८ फूट रुंद असा एक चौकोन केलाय, म्हणजे फोर्डचा इलेक्ट्रिक ट्रक एफ-१५० लाइटनिंग आत आणून लावला तर तो नेमकी किती जागा खाईल हे डोळ्यांनी दिसावं म्हणून. बसतो. पण मागच्या भिंतीला जो जादाचा फ्रीजर आहे (नारळ, मोदक, आईने पाठवलेला काळा मसाला, सगळं त्यात) तो हलवला तरच बसतो. लेकीने त्या चौकोनात खडूने घरं आखून लंगडी सुरू केलीये आणि बायको रोज संध्याकाळी गाडी लावताना विचारते, "काय मग, आला का ट्रक?"

तर आज एकदाचा सगळा हिशोब लिहून काढतो, कारण डीलरने एप्रिल २०२३ अखेरपर्यंत ऑर्डर कन्फर्म करा म्हणून सांगितलंय, आणि मला रात्री झोपताना किलोवॉट-तास आठवायला लागलेत.

सुरुवात १९ मे २०२१ ला झाली. डिअरबॉर्नला फोर्डने हा ट्रक दाखवला, आदल्या दिवशी बायडन तिथेच टेस्ट ट्रॅकवर चालवून गेले होते. आमच्या मिशिगनमधल्या कॅन्टनच्या घरापासून हे ठिकाण वीस-पंचवीस मिनिटांवर, त्यामुळे उगाच आपल्या गल्लीतलं लग्न असल्यासारखं वाटत होतं. किंमत सांगितली ३९,९७४ डॉलर, प्रो नावाचं सगळ्यात साधं मॉडेल, एका चार्जमध्ये २३० मैल रेंज. बुकिंगला फक्त १०० डॉलर, तेही परत मिळणारे. मी त्याच रात्री कार्ड बाहेर काढलं होतं पण बायको म्हणाली, "झोप आता, सकाळी बघू." सकाळ उजाडायला दहा दिवस लागले. ढोल पथकातल्या आमच्या एका मित्राने मात्र त्याच रात्री पैसे भरले, आणि त्याला २०२२ च्या उन्हाळ्यात जुन्या भावात एक्सएलटी, म्हणजे प्रोच्या वरचं मॉडेल, मिळाली. माझा नंबर लागला पुढच्या वर्षाच्या मॉडेलमध्ये. दहा दिवसांची किंमत काय असते ते आता मला कुणीही विचारावं. (बायकोला हे वाक्य मान्य नाही, तिचं म्हणणं रांगेत दोन लाख माणसं होती, दहा दिवसांनी काय फरक पडतो. असेलही. पण मला कुणालातरी दोष द्यायचाय.)

आता भावाचं बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये ३९,९७४ चे ४६,९७४ झाले. ऑक्टोबरमध्ये ५१,९७४. डिसेंबरमध्ये ५५,९७४. आणि मार्च २०२३ मध्ये ५९,९७४. ट्रक तोच, बॅटरी तीच, आठ महिन्यांत बरोब्बर वीस हजार वर. आणि प्रत्येक वेळी शेवटचे ९७४ तसेच, बाटाच्या चपलेच्या किमतीसारखे, सगळं जग इकडचं तिकडे होऊ दे पण ते हलणार नाहीत.

यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. बॅटरीत जे लागतं त्याचे भाव खरंच आकाशाला भिडले होते. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट २०२१ च्या सुरुवातीला टनाला पन्नास-साठ हजार युआनच्या आसपास होतं ते २०२२ च्या नोव्हेंबरात सहा लाखांच्या जवळ गेलं, निकेल वेगळंच, आणि एकट्या फोर्डचं नाही, रिव्हियन या दुसऱ्या इलेक्ट्रिक ट्रकवाल्या कंपनीने तर १ मार्च २०२२ ला आधी बुकिंग केलेल्या लोकांनाही वाढीव भाव लावला होता, लोक इतके खवळले की दोन दिवसांत त्यांच्या सीईओने, आर. जे. स्कॅरिंज यांनी, जाहीर माफी मागून जुना भाव परत दिला. टेस्लाचा सायबरट्रक २०१९ च्या नोव्हेंबरात ३९,९०० ला जाहीर झाला, २०२३ च्या एप्रिलपर्यंत एकालाही मिळालेला नव्हता. म्हणजे चाळीस हजारांचा इलेक्ट्रिक ट्रक ही चीज मुळात होती का, असाच प्रश्न पडतो.

फक्त मला खटकतं ते पुढचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेच लिथियम दोन लाख युआनच्याही खाली आलं आणि ट्रकचा भाव मात्र मार्चमध्ये वर गेला. हे कांद्यासारखं झालं. लासलगावला कांदा पडला म्हणून हॉटेलातली भजी कधी स्वस्त झालीत का? २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे सगळं वजा जाता दोन रुपये मिळाले, दोन रुपयांचा चेक, पेपरात फोटो आला होता. त्या दिवशी इथल्या इंडियन ग्रोसरीत कांद्याची पिशवी नेहमीच्याच भावात होती.

बरं, वीस हजार हे नुसते वीस हजार नाहीत. २०२१ मध्ये गाडीचं कर्ज तीन टक्क्यांत मिळत होतं, २०२३ मध्ये मला बँकेने सात सांगितले. सगळी रक्कम कर्जाने घेतली आणि पाच वर्षांत फेडली असं धरलं तर चाळीस हजारांचा तेव्हाचा हप्ता ७१९ डॉलर होता, साठ हजारांचा २०२३ मधला ११८८. शिवाय मिशिगनचा सहा टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ३६०० वेगळे, गाडी कारखान्यातून पोचवायचा डेस्टिनेशन चार्ज वेगळा, आणि इलेक्ट्रिक गाडी म्हणून दरवर्षी नंबरप्लेटला शंभराच्या वर जादा भरायचे, पेट्रोलवरचा टॅक्स बुडवता म्हणून.

पेट्रोल वाचेल की, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो, मग पेन घेऊन बसलो. वर्षाला दहा हजार मैल, पेट्रोलचा ट्रक गॅलनला वीस मैल देतो, म्हणजे ५०० गॅलन, साडेतीनच्या भावाने १७५०. लाइटनिंग एका युनिटला अंदाजे दोन मैल, म्हणजे ५००० युनिट, माझ्या बिलातल्या १८ सेंटने ९००. बचत साडेआठशे. नुसती ती वीस हजारांची वाढ वसूल व्हायला तेवीस वर्षं लागतात. तेव्हा लंगडी खेळणारी ही बाई तिशीला टेकलेली असेल.

इलेक्ट्रिक गाडीवरच्या सरकारी ७५०० डॉलरच्या टॅक्स क्रेडिटचं, म्हणजे करसवलतीचं, काय? तर २०२३ मध्ये होतं. १८ एप्रिलपासून बॅटरीचे नवे नियम लागू झाले, बऱ्याच गाड्यांचं क्रेडिट अर्धं झालं किंवा गेलंच, लाइटनिंगला मात्र पूर्ण राहिलं. पण अट अशी होती की ट्रकची छापील किंमत ८०,००० च्या आत हवी. आणि मला जी खरी आवडलीये ती मोठ्या बॅटरीवाली एक्सएलटी, ३२० मैलांची, तिची २०२३ मधली किंमत किती असावी? ८०,९७४. मी हसावं की रडावं. त्या ९७४ ने ७५०० खाल्ले. म्हणजे राहिला प्रो किंवा छोट्या बॅटरीची एक्सएलटी, आणि छोट्या बॅटरीचे मैल (२०२३ च्या मॉडेलला २४०) हे जून महिन्यातले मैल असतात, मिशिगनच्या जानेवारीतले नाहीत. मित्राच्या ट्रकमध्ये मी स्वतः बघितलंय, उणे दहा सेल्सियसला पूर्ण चार्ज करून स्क्रीनवर १५० च्या घरात आकडा, आणि हीटर लावला की तोही भरभर उतरतो. तो तर जाकीट घालून गाडी चालवतो, सीट गरम करून घेतो पण हीटर नाही. साठ हजारांच्या गाडीत टोपी-मफलर घालून बसायचं म्हणजे आपण पुण्याच्या थंडीत स्कूटरवर बसायचो तेच झालं ना.

आता मुद्द्याचं. मला ट्रक कशाला हवाय?

मे महिन्यात मल्च. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाकडाचा भुसा असतो, झाडांच्या बुंध्याशी पसरायचा, दरवर्षी, नाहीतर शेजारी बघतात. त्याच्या तीसेक पिशव्या मी मिनीव्हॅनमधून तीन खेपांत आणतो आणि पुढे महिनाभर गाडीला ओल्या लाकडाचा वास. मग गणपतीत मखर, टेबलं, साउंड सिस्टीम, आणि पथकाचे ढोल. चोवीस ढोल मिनीव्हॅनमध्ये कसे जातात हे ज्याने भरलेत त्यालाच ठाऊक, एकमेकांवर चढवून, मध्ये गाद्या घालून, आणि टोल-ताशे मांडीवर. मग कधी कुणाचं घर बदलायचं, कधी सोफा. प्रामाणिकपणे मोजलं तर वर्षातून आठ वेळा. गाड्या भाड्याने देणाऱ्या यू-हॉलचा पिकअप दिवसाला १९.९५ आणि वर मैलांचे पैसे, पकडा पन्नास. आठ पन्नास चारशे. वर्षाला.

हे मी बायकोला सांगितलंच नव्हतं, तिने स्वतःच काढलं. "भुसा आणायला साठ हजाराची गाडी?" एवढंच म्हणाली.

पण एक गोष्ट अशी आहे की जी या हिशोबात बसत नाही, आणि खरं तर तिच्यामुळेच हा विषय अजून मेलेला नाही. २२ फेब्रुवारी २०२३ चं बर्फाचं वादळ. इथले लोक विसरणार नाहीत. पाऊस पडतानाच गोठत होता, झाडांच्या फांद्यांवर काचेचा थर, रात्री एक-एक फांदी बंदुकीसारखा आवाज करून तुटत होती आणि निळे उजेड चमकत होते, ते ट्रान्सफॉर्मर. राज्यात लाखो घरांची वीज गेली. आमची चार दिवस नव्हती. थंडी एकवेळ सोसता येते, पण इथे बेसमेंटमध्ये सम्प पंप असतो, जमिनीतलं पाणी सतत बाहेर फेकणारा, तो बंद पडला की तळघराची विहीर. पहिल्या रात्री मी आणि बायकोने बादल्यांनी पाणी काढलं, दर वीस मिनिटांनी, पहाटे चारपर्यंत, तेव्हा मला आमच्या विहिरीवरची मोट आठवली आणि आजोबांबद्दल नव्याने आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राचा फोन. "अरे, या सगळे इकडे." त्याच्याकडेही वीज नव्हती, पण दारात ट्रक उभा होता. ट्रकच्या मागच्या प्लगमधून एक जाड वायर खिडकीतून आत, फ्रिज चालू, पंप चालू, वायफाय चालू, आणि स्वयंपाकघरात इंडक्शनवर प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. चार कुटुंबं, सात पोरं, मुगाची खिचडी, कढी, पापड मात्र मायक्रोवेव्हमध्ये. शेजारच्या अमेरिकन आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन होतं, त्यांना मोठी एक्स्टेंशन टाकून दिली, ते दर दोन तासांनी कुंपणापाशी येऊन ट्रककडे बघून हात वर करायचे. त्याच्या ट्रकला ९.६ किलोवॉटचा पर्याय घेतलेला होता. दोन दिवस एवढं सगळं चालवून बॅटरी अर्ध्याच्या वर शिल्लक. मोठ्या बॅटरीत १३१ युनिट असतात, त्याच्या छोटीत ९८, आणि कंपनी म्हणते घराला दिवसाला ३० युनिट धरली तर मोठी बॅटरी तीन दिवस जाते, काटकसर केली तर जास्त.

त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात ट्रक विकत घेऊन टाकला होता. घरी आलो, टेप लावली ती त्यानंतरच.

मग आठवडाभराने डोकं थंड झालं. वायर न ओढता आख्खं घर आपोआप ट्रकवर चालायला हवं असेल तर ८० अँपिअरचा चार्जर लागतो, वर घराला जोडायची सिस्टीम जवळजवळ चार हजारांची, आणि इलेक्ट्रिशियन. आमचं पॅनल जुनं आहे, त्याने येऊन बघितलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाला आधी हे बदलावं लागेल. त्याच्या त्या डोकं खाजवण्याचे किमान तीन हजार. म्हणजे पंप आणि फ्रिज चालवायला मी सत्तर हजारांकडे निघालो होतो.

ओढण्याचंही स्वप्न होतं माझं. मागे छोटा कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोली, लावायचा, मॅकिनॉचा पूल ओलांडून मिशिगनच्या उत्तरेला अप्पर पेनिन्सुलाला जायचं. कागदावर ओढतो, मोठ्या बॅटरीचा तर दहा हजार पौंडांपर्यंत. पण मागे कॅम्पर लावला की रेंज अर्धी, २४० चे एकशेवीस धरा, आणि तिकडे वर फास्ट चार्जर विरळ, जिथे आहेत तिथे गाडी नाक खुपसून लावायची असते, म्हणजे दर थांब्याला कॅम्पर सोडवा, पाऊण तास थांबा, परत जोडा. हे स्वप्न मी स्वतःच्याच हाताने गुंडाळून ठेवलं, फार वेळ नाही लागला.

रविवारी नेहमीप्रमाणे गावी फोन. नारायणगावजवळ आमची थोडी शेती आहे, टोमॅटोच्या दिवसांत मार्केटला माल पिकअपने जातो, बोलेरो. त्यामुळे 'पिकअप' म्हटल्यावर दादांच्या डोळ्यांपुढे तीच आली.

"पिकअप घेतोय म्हणं. धंदा टाकतोस का काय?"

"नाही हो दादा, घरच्यासाठी."

"घरी पिकअप? माल काय भरायचा?"

मी मल्चचं सांगितलं, ढोलाचं सांगितलं. पलीकडे शांतता. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न, "भार किती घेती?" मी सांगितलं, प्रोची जास्तीत जास्त क्षमता २,२३५ पौंड, म्हणजे हजार किलोच्या जरा वर.

"म्हणजे पन्नास कॅरेट." आमच्याकडे टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं. "आपली बोलेरो सतरा क्विंटल घेती. पंच्याऐंशी. अन् किंमत?"

आता इथे मी खोटं बोलायला हवं होतं. डॉलरला ८२ धरून मी खरं सांगितलं, एकोणपन्नास लाख.

"पन्नास लाखांत पन्नास कॅरेट," दादा म्हणाले. "एका कॅरेटला एक लाख." आणि मग त्यांना असं हसू आलं की फोन आईकडे द्यावा लागला. आईने विचारलं काय झालं, ते मागून ओरडले, "हा तिकडं भुसा वाहतोय!"

दादांचं गणित चुकीचं आहे हे मला कळतं. तो ट्रक सहा-साडेसहा हजार पौंडांचा, पाच माणसं आरामात बसतात, पुढे इंजिन नाही म्हणून ४०० लिटरची डिकी, चार-पाच सेकंदांत ताशी साठ मैलांचा वेग. बोलेरोशी त्याची तुलना नाही. पण त्या रात्री मला जाणवलं की मी इतके दिवस हप्ता, टॅक्स, लिथियम सगळं मोजत होतो, आणि दादांनी सरळ मागचा हौदा उघडून आत काय आहे ते बघितलं. आत काही नव्हतं. वर्षातले आठ दिवस सोडले तर मी ऑफिसला एकटा जाणार होतो, बावीस मैल, मागे साडेपाच फुटांचा रिकामा हौदा घेऊन. चाळीस हजाराला हे कुणी विचारलं नसतं, मीही नसतं विचारलं, हौसेला म्हणून घेऊन टाकला असता आणि खूश राहिलो असतो. साठला विचारावं लागतं.

काही लोक म्हणतात थांब, भाव उतरतील. २०२३ च्या जानेवारीत टेस्लाने मॉडेल वायच्या किमती वीस टक्क्यांपर्यंत पाडल्या, फोर्डवर पण दबाव येणारच. डिअरबॉर्नच्या कारखान्याबाहेर फेब्रुवारीत एका ट्रकच्या बॅटरीला आग लागून पाचेक आठवडे उत्पादन बंद होतं, तेही मार्चमध्ये परत सुरू झालं, म्हणजे गाड्या वाढतील. येतीलही भाव खाली. पण मी असं ठरवलंय की भावाची वाट बघायची नाही, कारण मग मी रोज सकाळी उठून तेच बघत बसेन, मला माझा स्वभाव माहितीये. शेअर बाजारात तेच केलं होतं.

काल डीलरला मेसेज केला की या वेळी ऑर्डर नको. त्याला काही वाईट वाटलं नाही. गेल्या उन्हाळ्यात एक दुसरा डीलर दारात उभ्या असलेल्या ट्रकवर छापील किमतीच्या वर दहा हजार मागत होता आणि वर "उद्या हाही नसेल" म्हणत होता, त्या मानाने हा माणूस बरा. १०० डॉलर परत येतील म्हणाला.

आणि शनिवारी जाऊन २२०० वॉटचा एक पेट्रोलचा जनरेटर आणला, हजार-बाराशेचा, सम्प पंप आणि फ्रिज आळीपाळीने चालतात, चालवून बघितलं. आवाज करतो. इंडक्शन नाही चालणार त्यावर, म्हणजे पुढच्या वादळात खिचडीला मित्राकडेच जायचंय. त्याला तसं सांगून ठेवलंय, आणि त्याबरोबरच पुढच्या शनिवारी मल्चसाठी ट्रक हवाय हेही. तो म्हणाला घेऊन जा, पण येताना हौदा झाडून आण, आणि वहिनींना सांग, पुरणपोळ्या सहा नाही, डझनभर.

जनरेटर सध्या गॅरेजमध्ये ठेवलाय, टेपच्या चौकोनाच्या आतच, एका कोपऱ्यात. लेकीची तक्रार आहे की तो तिच्या सातव्या घरात येतो.